न दुखणारी जखम

आबा,

तुमची टाच भाजली ती माझ्या हातानं, हे तुम्हाला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. लिहायला मी फार उशिरा शिकले, नातवंडांबरोबर.

हिरडे काढताना तुम्ही झाडावरून पडलात, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पुण्याच्या दवाखान्यातून चार महिन्यांनी तुम्हाला परत आणलं, पौडपर्यंत एसटीनं आणि तिथून वर वाडीपर्यंत डोलीत. कमरेखाली काही हलत नव्हतं, काही कळतही नव्हतं. आई मजुरीला जायची, म्हणून तुमचं करायला मी सासरहून आले. त्या पौषात थंडी फार होती. तुमचे पाय हाताला दगडासारखे गार लागले, म्हणून मी वीट तापवली, गोणपाटात गुंडाळून पायांशी ठेवली. "ऊब लागतीया का?" "मला काय कळतंय, पोरी? पर तू ठिवलीस म्हंजी लागत आसंल," तुम्ही हसून म्हणालात. मग आपण शेळीच्या करडांबद्दल बोलत बसलो. थोड्या वेळानं तुम्हीच नाक वर करून विचारताय, "काय जळतंय गं? भाकर ऱ्हायली का तव्यावर?" तव्यावर काहीच नाही. मी गोधडी उचलते. एका टाचेवर लिंबाएवढा फोड आलेला, भोवतीची कातडी पांढरीफटक. आणि तुमच्या तोंडावर अजून ते हसू तसंच आहे.

मी पौडला चालत गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वाडीवर आले आणि तुमच्यासमोरच मला बोलले. "त्यांना दुखत नाही म्हणजे जखम लहान आहे, असं समजू नकोस. यांच्या अंगाची राखण आता तुला करायची आहे. रोज सगळं अंग डोळ्यांनी बघायचं. टाचा, खुबे, माकडहाड. लाल दिसलं की त्या जागेवर भार द्यायचा नाही. दर दोन तासांनी कूस बदल, रात्रीसुद्धा." मी मान खाली घालून ऐकत होते. घरात घड्याळ नव्हतं. दिवसा उंबऱ्यावरचं ऊन सरकलं की मी तुम्हाला वळवायची, रात्री अंदाजानं. ओलं फडकं लगेच बदलायचं, गोधडीला सुरकुती राहू द्यायची नाही, भाकरीचा कण अंगाखाली जाऊ द्यायचा नाही. टाच अधांतरी राहावी म्हणून पोटरीखाली कापडाची वळकटी. उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुवायची, स्वच्छ पट्टी बांधायची. शेजारची म्हातारी राख लावायला घेऊन आली, तिला मी दारातूनच परतवून लावलं. शिमगा होऊन गेला तेव्हा कुठे टाच भरली. गुलाबी, पातळ कातडी आली होती. तुम्ही म्हणालात, "डाक्तरीण झालीस की!" त्या शब्दानं मी परसात जाऊन रडले.

वैशाखात मी तुम्हाला म्हणाले, "आबा, सासरहून निरोप आलाय. जायला पायजे." तुम्ही आढ्याकडे बघत होता. "जा बाई. तुजा संसार हाय. मी कुटं पळून जातोय?" आईला मी सगळं दाखवलं, कूस कशी वळवायची, कुठे कुठे बघायचं. ती "व्हय, व्हय" म्हणत होती. तिची कंबर कामानं गेलेली, तिच्या एकटीच्यानं तुम्ही वळत नव्हता. ते मला दिसत होतं. तरी मी गेले.

नवव्या दिवशी परतले तर आई दारातच उभी. "पाठीशी लई लाल झालंय गं. मी हळद लावलीया." आम्ही दोघींनी तुम्हाला वळवलं. लाल नव्हतं. माकडहाडावर तळहाताएवढं काळं पडलं होतं. चार दिवसांनी ते काळं सुटलं, आत खड्डा आणि तळाशी हाड. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि या खेपेला ते मला काहीच बोलले नाहीत. तेव्हा मला समजलं. तरी मी पाणी उकळत राहिले, पट्ट्या धूत राहिले, तुम्हाला पालथं झोपवत राहिले. धुताना हाडाला माझं बोट लागायचं आणि तुम्ही शांतपणे तंबाखू मागायचात. एकदा मी तुमच्या खांद्याला धरून ओरडले, "आबा, दुखतंय म्हणा की! एकदा तरी म्हणा!" तुम्ही म्हणालात, "खोटं कसं बोलू गं?"

मग ताप आला, थंडी वाजायला लागली. लावणीच्या दिवसांत तुम्ही गेलात. त्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून तुम्ही म्हणाला होतात, "त्वांड पाडू नगं. सासरच्यांनी बोलावल्यावर जायाच पायजे. तुजा काय दोस?" आई तिथंच होती. मी गप्प राहिले. ती मरेपर्यंत 'माझ्याच्यानं वळवणं झालं न्हाई' म्हणत राहिली, तेव्हाही मी गप्पच.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं.

आबा, सासरहून निरोप आलाच नव्हता. मला झोपायचं होतं. तिथं पोचले त्या दिवशी सासूनं मला दमलेली बघून उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत मी झोपले, आणि उठल्यावर बराच वेळ मला तुमची आठवणसुद्धा आली नाही.