शहामृगाच्या प्रश्नाशी थांबलेलं ॲप

ती. आत्या,

नमस्कार. (पूर्ण ‘तीर्थरूप’ लिहिलं की आपल्याला कोणी भिंतीवर टांगल्यासारखं वाटतं असं तू एकदा म्हणाली होतीस, म्हणून नुसतं ‘ती.’) गुडघा कसा आहे? बाबांचाही दुखतो, पण ते सांगत नाहीत. जिना उतरताना मध्येच थांबतात, समोरच्या इमारतीकडे बघतात आणि तिचं बांधकाम कसं चुकलं आहे ते सांगतात. तूही असंच काहीतरी करत असशील. फोनच केला असता, पण फोनवर बाबांचा विषय निघाला की तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण पुन्हा उचलावं लागतं.)

तर मी मोबाइलसाठी एक ॲप केलं आहे. प्रश्नमंजूषेचं. एक प्रश्न, चार पर्याय, योग्य तो दाबायचा. असली ॲप्स पुष्कळ आहेत आणि माझ्याहून चांगली आहेत. पण आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून घरात परीक्षा चालू आहे. जेवताना माझ्या नवऱ्याला, म्हणजे तुझ्या जावयाला, राजधान्या विचारतात. तो दंतवैद्य, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून थकलेला. तो म्हणतो ‘माहीत नाही’, आणि बाबा ‘हं’ म्हणतात. तो ‘हं’ तुला ठाऊक आहे. फार मोठा नसतो. पण त्यानंतर भाजी मागायची हिंमत होत नाही. तेव्हा मला वाटलं, बाबांनी प्रश्न काढावेत, मी ते ॲपमध्ये घालावेत, नातेवाइकांनी आपापल्या घरी बसून सोडवावेत, आणि बाबांनी आम्हाला जेवू द्यावं.

ॲप तयार करणं मी व्हिडिओ बघून शिकले. ते सोपं आहे असं व्हिडिओतला मुलगा दर वाक्यानंतर सांगतो, त्यावरूनच संशय यायला हवा होता. तरी ते जमलं. बाबा जमेनात. त्यांनी पहिल्या खेपेला दिलेल्या प्रश्नांत ‘थोडक्यात टिपा लिहा’ होतं, ‘सकारण स्पष्ट करा’ होतं, आणि एका नदीच्या खोऱ्याचा नकाशा काढून त्यात रंग भरायचे होते. मी सांगितलं, बाबा, माणसाला फक्त बोट लावता येतं. त्यावर ते या पिढीची आपल्याला काळजी वाटते असं म्हणाले. पण ऐकलं. पहिल्या पानावरच्या सूचना मात्र त्यांनी बदलू दिल्या नाहीत. त्यामुळे आमचं ॲप उघडलं की आधी ‘अक्षर सुवाच्य असावे’ आणि ‘शेजाऱ्याशी बोलू नये’ असं येतं. बरोबर उत्तराला मी टाळ्यांचा आवाज ठेवला होता, तोही गेला. बरोबर उत्तर अपेक्षितच असतं, त्यात टाळ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. चुकीच्या उत्तराला मात्र आवाज हवा होता. मी त्यांचा ‘हं’ रेकॉर्ड केला. त्यांनी तो मनापासून दिला, पुन्हा ऐकला, आणि शेवटी जरा सौम्य झाला आहे म्हणून दुसऱ्यांदा दिला.

आता चूक कुठे झाली ते सांगते. प्रश्न आले, पर्याय आले, उत्तरं आली नाहीत. मी मागितली तर बाबा म्हणाले, उत्तरं परीक्षा झाल्यावर. मी म्हटलं, ती ॲपमध्ये आधीच घालावी लागतात, नाहीतर त्याला कळणार कसं? ते म्हणाले, म्हणजे पेपर फोडू? मी म्हटलं, बाबा, मी तुमची मुलगी आहे. ते म्हणाले, पेपर घरातूनच फुटतात. (इतकी वर्षं शाळेच्या प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली उशाखाली ठेवून झोपलेला मास्तर माणूस. त्याच्याशी काय वाद घालणार?) तेव्हा मी तात्पुरतं म्हणून सगळ्या प्रश्नांना ‘अ’ हेच बरोबर उत्तर ठेवलं, उद्या बदलू असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गडबडीत विसरून सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवून दिली. तुलाही पाठवली होती. तू उत्तर दिलं नाहीस.

रविवारी दुपारी आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसलो. जावयाच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा फक्त पहिल्या पर्यायापर्यंत पोहोचत होता. त्याला पैकीच्या पैकी मिळाले. तो अजून त्यातून बाहेर आलेला नाही. दवाखान्यात पेशंटना सामान्यज्ञान सांगतो, आणि खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही. बाबांनी स्वतः काढलेला पेपर स्वतः सोडवायला घेतला. कोळ्याला आठ पाय, असं त्यांनी दाबलं. ॲप म्हणालं, ‘हं.’ चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. ‘हं.’ प्रत्येक वेळी त्यांच्याच आवाजात. आधी त्यांनी फोन कानाशी नेला, मग माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. प्रत्येक प्रश्नाखाली मी तक्रार लिहायला जागा ठेवली आहे. बाबा ती भरत गेले. आपण आयुष्यभर मुलांना काय करत होतो ते आज ऐकलं, असं ते मध्येच म्हणाले, आणि पुन्हा तक्रार लिहायला लागले.

मग शहामृगाचा प्रश्न आला. हो, तोच. संकट आलं की शहामृग काय करतो. मला वाटलं होतं बाबा तो घालणार नाहीत. आमच्या नव्या घरी तू पहिल्यांदा जेवायला आलीस, शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही, पळून जातो असं म्हणालीस, आणि सगळ्यांसमोर बाबा तुला म्हणाले की शास्त्र शिकवणाऱ्या बाईने ऐकीव गोष्टी सांगू नयेत. तू पान अर्धं टाकून उठलीस. छत्री विसरलीस. ती अजून दारामागे आहे, आणि ती कोणी वापरलेली बाबांना चालत नाही. (जावयाने एकदा नेली होती. त्याला राजधान्या विचारल्या गेल्या.) तर बाबांनी तो प्रश्न घातला होता, पर्याय ‘अ’ पळून जातो, ‘ब’ वाळूत डोकं खुपसतो, आणि माझ्यासमोर त्यांनी ‘अ’ दाबला. तेवढा एकच त्यांचा बरोबर आला. त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. फोन पालथा ठेवला आणि कपबशा विसळायला गेले, जे ते कधी करत नाहीत.

संध्याकाळी त्यांनी उत्तरं द्यायचं कबूल केलं. ते त्यांच्या खोलीत दार लावून, मी बाहेर लॅपटॉप घेऊन. ते आतून ‘क’, ‘ब’, ‘ड’ असं सांगत गेले आणि मी भरत गेले. शहामृगाशी आवाज थांबला. मी दोनदा विचारलं. आतून आलं, ‘तो रिकामा ठेव.’ मी म्हटलं रिकामा ठेवला तर ॲप तिथेच थांबतं, पुढचे प्रश्न उघडत नाहीत. ते म्हणाले, ‘थांबू दे.’

तर ॲप थांबलेलं आहे. बाकी सगळं ठीक. गुडघ्याला तेल लावत जा, आणि चालताना इमारती बघत जा.

तुझी भाची

ता. क. रिकामा का ठेवला ते मी रात्री जेवताना विचारलं. बाबा म्हणाले, कोणताही पेपर दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पक्का होत नाही, आणि त्यांचे पेपर तपासणारी व्यक्ती ठरलेली होती. मी म्हटलं, मग आत्याला प्रश्न पाठवून देऊ? ते म्हणाले पेपर पाठवत नाहीत, तपासणाऱ्याने जागेवर यायचं असतं. असा नियम आहे म्हणे. तुम्हा दोघांच्या काळी असेलही. एवढ्यासाठीच हे पत्र. येशील?

आणखी एक. ‘जुनी विद्यार्थिनी’ नावाने कोणीतरी रविवारी ॲप सोडवलं. माझ्याकडे सगळ्यांची उत्तरं दिसतात, हे मी लिंक पाठवताना सांगायला हवं होतं. तिने प्रत्येक प्रश्नाखाली ‘संदिग्ध. पुन्हा लिहावा.’ अशी तक्रार केली आहे. बाबांच्या जुन्या पेपरांवर लाल शाईत तू हेच लिहायचीस. फक्त शहामृगाखाली तक्रार नाही. तिथे तिने ‘ब’ दाबला आहे. वाळूत डोकं. शास्त्र शिकवलेल्या बाईच्या हातून ही चूक होईल असं मला वाटत नाही.

शेवटचं. हे पत्र मी टेबलावर ठेवून आंघोळीला गेले होते. परत आले तर दोन ठिकाणी वेलांट्या लाल पेनने दुरुस्त केलेल्या होत्या. शहामृगाच्या परिच्छेदाला हात लावलेला नव्हता. खाली बाबांच्या सुवाच्य अक्षरात एवढंच होतं, ‘येताना छत्री आणू नये. इथे आहे.’