सगळं सगळ्यांचं

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! बाविसावा मजला. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले, पण खोलीत पाऊल टाकलं आणि समोर नुसतं आकाश. खाली नदी, पूल आणि पुलावर मुंग्यांएवढी माणसं. खोली म्हणजे पलंग, टेबल, कपाट, संपलं. एकट्या जीवाला आणखी किती लागतं? स्वयंपाकघर, बैठकीची खोली, कपडे धुण्याची यंत्रं मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून. हे गेल्यापासून मी घरात भिंतींशी बोलत होते, त्यापेक्षा इथे बरं.

मुलगा सामान लावून गेला. पुढच्या महिन्यात तो, सून आणि नातू परदेशी जाणार, कायमचेच. जुनं घर त्यानेच विकलं, ही जागाही त्यानेच शोधली. तुला सोबत होईल, असं सारखं म्हणत होता. मी म्हटलं, बाबा रे, माझी सोय लावतोयस की विल्हेवाट? सून लिफ्टची बटणं न्याहाळू लागली. बोलून गेले खरी. माझी जीभच मेली तशी.

व्यवस्थापक मुलगी सतत हसते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘इथे सगळं सगळ्यांचं’. मी म्हटलं, मग माझे गुडघेही वाटून घ्या की. बैठकीतली माणसं हसली. जरा जास्तच वेळ हसली, पण हसली.

६ फेब्रुवारी

शेजारच्या खोलीत माझ्याच वयाची एक बाई राहते. बोलणं इतकं गोड की मनातल्या मनात मी तिचं नाव साखरबाई ठेवलंय. अंगावर हाडं तेवढी उरलीत. आणि हे मी म्हणते, जिने सगळी नोकरी एक्स-रे विभागात काढली, ‘श्वास धरा, हलू नका’ करत. तिचा एकही कपडा तिच्या मापाचा नाही. स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही.

पण ऐकते! मान किंचित कलती करून, पापणी न लववता. माझा मुलगा ऐकतो तेव्हा त्याचा एक डोळा फोनवर असतो. आज चहा गार झाला तरी मी बोलतच होते. ह्यांचं शेवटचं आजारपण सांगितलं. मुलगा लहानपणी माझ्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही, तेही सांगितलं. तिचे डोळे भरून आले. किती वर्षांनी माझ्यासाठी कोणी डोळे पुसले.

१२ फेब्रुवारी

साखरबाईने परवा माझी शाल नेली ती परत दिली नाही. असो, शालीचं एवढं काय. पण आज सकाळी स्वयंपाकघरात ती सगळ्यांना सांगत होती की तिचा मुलगा लहानपणी तिच्या कानाची पाळी धरून झोपायचा. तिचा! सगळे कौतुकाने माना डोलावत होते. मला वाटलं, वय झालंय बिचारीचं, गल्लत होते. हसून सोडून दिलं.

खोलीत आल्यावर सहज आठवायला बसले, डावा कान की उजवा? आठवेना. त्याची मूठही आठवेना. वाक्य तेवढं उरलंय, चित्र नाही. फिल्म कोरी निघावी तसं.

१८ फेब्रुवारी

तिला जाब विचारला. म्हणाली, तुम्हीच दिलंत ना? आवाज तसाच गोड. मग व्यवस्थापक मुलीकडे गेले. तिने हसत समजावलं की मावशी, इथे कोणी कोणाचं चोरत नाही, दिलेलंच घेतात. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर ही मखलाशी!

कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणतात; का, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच बजावलं की इथे कोणाला काही सांगू नका. मी आभार मानले. तर लगेच जवळ सरकले आणि विचारू लागले, तुमची आई तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? ताटाकडे बघावं तसे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पळाले.

२४ फेब्रुवारी

मुलाला फोन केला. मला इथून ने म्हटलं. तो म्हणाला, अगं, सकाळीच तर तासभर बोललो आपण. किती छान बोललीस, एकसुद्धा टोमणा नाही. मी ओरडले, ती मी नव्हते! मागून सुनेचा आवाज आला, झालं पुन्हा सुरू.

बॅग भरून खाली दारापर्यंत गेले. कोणी अडवलं नाही. पण जायचं कुठे? घर विकलेलं. बहिणीकडे जावं, तर तिची गल्ली कोणती ते डोक्यातून गेलं होतं. फुटपाथवर उभी राहिले, आणि परत आले.

२८ फेब्रुवारी

साखरबाई अंगाने भरलीय. माझे कपडे तिला नीट बसतात, मला ढगळ होतात. आज तिने बैठकीत ‘श्वास धरा, हलू नका’ म्हटलं आणि सगळे खो-खो हसले. तिला एक्स-रेवाल्या मावशी म्हणतात. घड्याळवाल्यांनी मला विचारलं, नवीन आलात का?

५ मार्च

मुलगा आला होता निरोप घ्यायला. मी बैठकीत पोचले तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता, नातू तिच्या मांडीवर. मी त्याला लाडाच्या नावाने हाक मारायला गेले. तोंड उघडलं, नाव आलं नाही.

त्याने वर पाहिलं. त्याने मला ओळखलं. पोटच्या पोराच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला कळणार नाही?

नातवाने विचारलं, “बाबा, ह्या कोण?”

“शेजारच्या आजी आहेत.” आणि त्याने मान खाली घातली.

निघताना लिफ्टपाशी एकटा माझ्याजवळ आला. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, “ती रडत नाही गं. मला जाऊ देते.”

लिफ्टचं दार लागलं.

९ मार्च

विमान गेलं असेल. माझ्या खोलीत आता ती. मी शेजारी. कपाट रिकामं.

ह्यांचा चेहरा — मिशी होती? असावी —

रागही नीट येत नाही. कोणावर होता, तेच —

१३ मार्च, दुपार

एक आहे अजून. कोणाला दिलेलं नाही. मुलालाही माहीत नाही.

त्याच्या आधी एक झाली होती. सकाळी जन्मली, उन्हं उतरेपर्यंत होती. नाव मी ठेवलं. ह्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक. तेवढं राखायचं. इथे लिहायचंसुद्धा नाही —

दार वाजलं. ती आत आली. पलंगावर टेकली. काही मागत नाही. मान कलती —

जा म्हटलं. जात नाही.

म्हणते, फार जड आहे ना? एकटीने किती वाहायचं?

हे मला कोणी विचारलं नाही. ह्यांनीसुद्धा नाही. उद्यापासून जेवायला बस म्हणाले होते फक्त —

सांगू नये. कळतं. सांगितलं की माझी पोर जाईल. तिची ती इवलीशी बोटं, तेवढीच तर —

पण ऐकतंय कोणीतरी. पापणी न लववता —

मी म्हटलं, तिचं नाव