बाळाचं ऊन

८ डिसें.
मिठीचा अकोल्याचा रिपोर्ट बरा आला. ब्लड कॅन्सर म्हणायला अजून जीभ रेटत नाही; घरात आम्ही नुसतं ‘रक्ताचं’ म्हणतो. नात पाच वर्षांची. डोक्यावर आता केस आलेत, कोंबडीच्या पिलासारखे. गोळ्या चालूच. सुनेला, सुजाताला, पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना. मोठ्यानं कोणी बोलत नाही.

१४ डिसें.
शेजारची वच्छलाबाई तुरीच्या शेंगा सोलायला ओट्यावर. मोबाईलवर काही ऐकून आलेली. “पोटुशीले ऊन लागलं पाह्यजे. नाही तं पोराचं रक्त बिघडते. तू तं मिठीच्या वक्ताले पंख्याखाली झोपून होती!”
सुजाता शेंगा टाकून आत गेली. मी म्हटलं, डॉक्टरनंच झोपून राहाले सांगितलं होतं.
“हाव, पण ऊन तं नाहीच लागलं ना?”


१६ डिसें.
भर दुपारी सुजाता अंगणात बाजेवर, डोक्यावर पदर नाही. मिठी मांडीत, गाल लाल.
“काऊन बसली वं माय उनात?”
“बाबा, या बाळाले तरी पुरू द्या.”
या गोळ्यांवर मिठीला कडक ऊन नको, हे सुजाताला माझ्यापेक्षा पाठ. तरी... पोरीला उचलून सावलीत नेलं. सुजाता उठली नाही.

२३ डिसें., अकोला
मिठीच्या डॉक्टरीणबाईंना उन्हाचं मीच विचारलं. सुजाता खाली बघत. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, ते आवडलं. म्हणाल्या, ऊन जास्त तिथं हा आजार कमी, असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत नाही. नक्की काही ठरलेलं नाही. “हजारो लेकरांचा हिशेब एका आईच्या माथी मारता येत नाही, बाबा.” मग तिच्याकडे वळून, “तुमच्यामुळं झालं नाही.” सकाळचं थोडं ऊन घ्या, दुपारचं नको, मिठीला तर नकोच.
बसमध्ये सुजाता म्हणाली, “नाही म्हणाल्या. पण ठरलेलंही नाही म्हणाल्या.”

२ जाने.
बाज मी निंबाखाली सरकवतो, ती उन्हात ओढते. भांडण नाही. वच्छलाबाई खूश. “पाह्य, ऐकलं ना माह्यं!”
“वच्छलाबाई, तुमचे पोरं का भट्टीत झाले?”
ती हसलीच. सुजाताही, जराशी. कित्येक दिवसांनी.

६ जाने.
ऊन चढलं तरी सुजाता बाजेवरच. मिठी उंबऱ्याच्या आत, टोपी घालून. तिथूनच ओरडली, “आई, बाळाले पुरलं का ऊन?”
सुजातानं माझ्याकडे पाहिलं. सातवी नापास माणूस मी, उन्हाचं माप मला कुठून. डॉक्टरीणबाईंनाही ते ठाऊक नाही.
ती उठून उभी राहिली. मी बाजेची एक बाजू धरली, निंबाकडची. थोड्या वेळानं दुसरी तिनं धरली.