कुठवर पोचली गाडी?

६ मार्च
आज पहिलं खोटं बोलले. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना घरी आणलं. पलंगावर टेकल्या-टेकल्या त्यांनी विचारलं — "कुठवर पोचली गाडी?" म्हटलं, "लांबचं काम घेतलंय, महिना-दीड महिना तिकडेच." वन्संनी तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणालेत, एवढ्यात धक्का नको. आईंना फोनवरचं ऐकू येत नाही, त्यामुळे लेकाची खुशाली आधीपासून माझ्याच तोंडून कळायची. सोय झाली म्हणायची!
त्या हॉस्पिटलात होत्या तेव्हाच हे गेले. घरातलं सगळं त्यांच्यामागेच उरकलं.

७ मार्च
चहाच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. म्हटलं, फरशा भरल्यात, घाटाच्या अलीकडे जेवायला थांबलेत. लेक क्लासला पळाली. तिला ऐकवत नाही.

९ मार्च
पकडले गेले! "परवा फरशा म्हणालीस, आज कापूस कसा? मधे गाडी रिकामी कुठे केली?" ड्रायव्हरची आई ती! माझ्या तोंडाला फेस आला. वाटेत उतरवल्या म्हटलं, तर "मग परतीचा माल कोणी दिला?"
शेवटी मिशीवाल्यांना फोन केला. ते आणि हे कित्येक वर्षं मागेपुढे गाड्या चालवत. माझं ऐकून घेतलं. मग कुठून काय भरतात, वजन कुठे करतात, ड्रायव्हर लोक कुठे आडवे होतात, सगळं नीट सांगितलं. फोन ठेवताना म्हणाले, "वहिनी, त्याला जरा चांगल्या रस्त्याने न्या."

१४ मार्च
आज आईंना स्कूटरची गंमत सांगितली. एवढी धूड गाडी एका हाताने वळवणारा माणूस, माझ्या मागे स्कूटरवर बसला की जीव मुठीत! भाजी आणायला जायचं तर मागून पाय आपटून ब्रेक लावणार — "अगं, पुढे बघ! अगं, डावीकडे!" आईंना हसून हसून ठसका लागला. मीही हसले. मग स्वयंपाकघरात येऊन उगाच भांडी घासली.

१९ मार्च
वन्सं म्हणाल्या, आता सांगून टाकू या. मी भांडले त्यांच्याशी. डॉक्टरांचं नाव पुढे केलं. खरं कारण इथेच लिहिते — चहाची ती वेळ मलाच हवी असते. तेवढा वेळ हे कुठेतरी गाडी चालवत असतात.
जाताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही अजून एकदाही रडला नाहीत." रडू कुठे? पलीकडच्या खोलीत आई आहेत.

२३ मार्च
आईंची नखं वाढलीत. मी नेलकटर नेलं तर हात पांघरुणात! "तो आला की काढेल."
खरंच, तेच काढायचे. घरी आले की साबणाने घासघासून हात धुवायचे, ग्रीस निघत नाही म्हणून स्वतःवरच चिडायचे, मग आईंची नखं. मग लेकीची सायकल उलटी करून ब्रेक बघायचे. मग माझ्याकडे — "काय म्हणतंय सरकार?" झोप सगळ्यांत शेवटी. लोक म्हणत, ड्रायव्हर म्हणजे घरचा पाहुणा. पाहुणा कसला! पाहुणा निदान हाक मारल्यावर जेवायला तरी बसतो.

३० मार्च
आज टायर फोडला. उगाच. तेवढाच एक दिवस लांबला.

२ एप्रिल
मिशीवाले आईंना बघायला आले. बाहेर निघाल्यावर, मी कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. गाडी रस्त्याच्या कडेला अगदी व्यवस्थित घेतलेली, हँडब्रेक ओढलेला, चारही दिवे लुकलुकत होते. छातीत कळ येत असताना! मागून येणाऱ्याची पंचाईत नको म्हणून!
इतका राग आला मला. अहो, राहू द्यायची होती गाडी वाकडी. घोटभर पाणी तरी प्यायचंत.

५ एप्रिल
आईंनी आपणहून हात पुढे केला. "घे, काढ नखं." मी काढली. आज गाडीचं विचारलंही नाही. बरं वाटत नसेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

६ एप्रिल
चहा घेऊन गेले. म्हटलं, "आज काच भरलीय, हळूहळू चाललेत..." आईंनी माझं मनगट धरलं. जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "रोज तूच सांगतेस, दमलीस पोरी. आज गाडी कुठवर पोचली ते मी सांगते. तू नुसती रड."