श्रावणापुरते दोन मासे

४ ऑगस्ट २०२४, रविवार. गटारी.

नवी वही काढली. रिटायर माणसाने रोज लिहावं, डोकं साफ राहतं. संकल्प : रोज लिहिणार. जे घडेल ते खरं खरं लिहिणार.

सकाळी भायखळ्याला मार्केटबाहेर टबात जिवंत मासे दिसले. सायप्रिनस, टबवाला म्हणाला. पापलेटवाली भाव सांगताना वर बघतही नव्हती, म्हणून हे दोन घेतले. चांगले दांडगे. मास्टरस्ट्रोक, असं मला वाटलं.

मीनाक्षीने कपाळावर हात मारला. म्हणाली, गोड्या पाण्यातला मासा माझ्या गॅसवर चढणार नाही, चिखलाचा वास येतो, माझ्या माहेरी असला मासा मांजरीपुढेही टाकत नाहीत. मी म्हटलं, अगं युरोपात चवीने खातात. म्हणाली, मग तिकडे जाऊन करा गटारी.

शेवटी कोंबडी-वडे. मासे मोरीत, तिच्या मोठ्या टोपात. मस्त जिवंत आहेत.

५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ३.

श्रावण लागला. आता कापता येत नाहीत. मीनाक्षीचा सोमवारचा उपास आणि मोरीत मासे गोल गोल फिरतायत. संध्याकाळपर्यंत टोप रिकामा हवा, अशी ऑर्डर निघाली.

मी शांतपणे विचार केला. आमच्या चाळीमागे मिलचं तळं आहे. मिल गेली, तळं राहिलं, कारण आमच्या 'घोडपदेव हौशी गळ मंडळा'ने ते जपलं. मी मंडळाचा चिटणीस, सलग चौदा वर्षं. तळ्यात बाहेरचा मासा सोडू नये हा नियम नंबर तीन मीच लिहिलाय, मीच बोर्डावर रंगवलाय. पण मी काही मासे सोडत नाहीये. श्रावणापुरते ठेवतोय. गणपती झाले की गळ टाकून परत काढायचे. दोनच तर आहेत.

अडीचला गेलो. चाळ झोपलेली. काम फत्ते. फक्त शेवटी हात ओला होता, टोप निसटला आणि बुडाला. जाऊ दे. टोप काय, घरात दहा आहेत.

६ ऑगस्ट.

दहा नाहीत. तो एकच होता. मीनाक्षीच्या आईने लग्नात दिलेला, वर नाव कोरून घेतलेलं. मला सदतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं असेल.

कुठे गेला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, दर्शनावहिनींनी नेला असेल, अळूवड्यांना. सहज तोंडातून गेलं. दर्शनावहिनी म्हणजे शेजारची खोली, सतत वाटी-चमचा देवाणघेवाण चालू असते. दोन दिवसांत विसरेल.

१९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

विसरली नाही. दर्शनावहिनींना विचारायला गेली. त्या म्हणाल्या, मी कशाला नेऊ? ही म्हणाली, मग काय आम्ही खोटं बोलतो? आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. आज त्यांच्याकडचा नारळीभात आला नाही. आमच्याकडचा गेला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. अशा वेळी माणसाने न्यूट्रल राहावं.

रोज लिहायचं राहिलं. श्रावणात कामं फार.

१८ सप्टेंबर, बुधवार.

काल बाप्पा गेले. आज पहाटे गळ घेऊन तळ्यावर. ऑपरेशन परतफेड. दोन मासे, फार तर दोन दिवस.

शामराव आधीच त्याच्या दगडावर बसलेला. हा असतोच. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचा, मिल बंद झाली त्या दिवसापासून रोज सकाळी सहा ते नऊ इथे. बायको गेल्यावर दहापर्यंत. मुलगा बदलापूरला बोलावतो, हा जात नाही, म्हणतो तिथे म्हातारी नाय. म्हातारी म्हणजे तळ्यातली जुनी मरळ. हातभर लांब, अंगावर काळे डाग. दर जानेवारीत आमच्या स्पर्धेत शामराव तिला गळाला लावतो, वजन करतो, तोंडातला गळ हळूच काढतो आणि परत सोडतो. सोडताना तिच्याशी मालवणीत काहीतरी बोलतो. मी कधी ऐकलं नाही, आपण कशाला ऐकायचं.

त्याने विचारलं, गंगाधरा, कणकेच्या गोळीक मरळ येता काय रे? तिका जिवंत मासळी लागता. मी म्हटलं, एक्सपरिमेंट आहे.

२९ सप्टेंबर.

अकरा दिवस. शून्य मासे. पाठीत उसण. सायप्रिनस हा अत्यंत लबाड मासा आहे, हे टबवाल्याने सांगायला हवं होतं.

निर्णय : ऑपरेशन तूर्त स्थगित. दोन माशांनी एवढ्या तळ्याचं काय बिघडणार?

१ डिसेंबर, रविवार.

तळ्याच्या पाण्याचा चहा झालाय. आधी उन्हात तळाचा दगड दिसायचा, आता स्वतःची बोटं दिसत नाहीत. शामराव म्हणाला, पावसाचं पाणी असेल, बसेल गाळ. मी लगेच दुजोरा दिला.

पण दर्शनावहिनींची मुलगी स्पृहा तळ्यावर आली होती. ही एमएस्सी करतेय, झूलॉजी. तिने जाळीत पोरं पकडून दाखवली, बोटाएवढी, शेकडो. म्हणाली, काका, हे कार्प आहेत, बाजारात सायप्रिनस म्हणतात ते, कोणीतरी सोडलेत. हे तळ उकरतात, गाळ वर येतो, पाणवनस्पती उपटून जातात. आपली चंदेरी बारीक मासळी त्या वनस्पतींवर अंडी घालते, ती संपणार. मग मरळीला खायला काही नाही, आणि गढूळ पाण्यात तिला शिकारही दिसत नाही.

मी म्हटलं, बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून येतात असं मी वाचलंय. स्पृहा म्हणाली, काका, हा केवढा बगळा असेल?

फार उद्धट पिढी.

म्हणजे एक नर होता आणि एक मादी. हे मला टबवाल्याने सांगायला हवं होतं.

२६ जानेवारी २०२५. वार्षिक गळ स्पर्धा.

सकाळी सातपासून बत्तीस गळ पाण्यात. आमिष म्हणून जी चंदेरी मासळी आम्ही तळ्यातूनच पंच्याने काढतो, ती नाही. अर्धा तास पंचा फिरवला, त्यात फक्त माझी नातवंडं. (ही चेष्टा इथेच. बाहेर करायची नाही.) लोकांनी गांडुळं लावली. त्यावर सगळ्यांनाच बोटभर कार्प लागले. मरळ एकही नाही.

शामराव एकटा दुपारी एकपर्यंत बसला होता. शेवटी रॉड गुंडाळला आणि म्हणाला, म्हातारी गेली वाटता. एवढंच. चहाही घेतला नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं. बहुतेक वडापाव.

मग बैठक. लोक भडकलेले. कोणी केलं हे, त्याला शोधा, त्याचं नाव बोर्डावर लिहा. ठराव झाला : सत्यशोधन समिती नेमावी. अध्यक्षपदी निःपक्षपाती, अनुभवी, कागदपत्रांत तरबेज माणूस हवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाव शामरावने सुचवलं.

नाही म्हणता आलं असतं. पण का नाही म्हणतोय, हे कोणीतरी विचारलं असतं.

९ फेब्रुवारी.

समितीची पहिली बैठक. उपस्थित : मी. ऑफिसात तीस वर्षं चौकशा लिहिल्या, कोणाचं नाव न घेता बारा पानं भरायची कला माझ्याकडे आहे. संशयित : १) बगळा, २) अज्ञात इसम, ३) पुराचं पाणी. तिसरा कापला, आपल्याकडे पूर आला नव्हता. पहिला स्पृहाने कापला. उरला अज्ञात इसम.

अज्ञात इसमाबद्दल लिहिताना पेन अडकतं.

२ मार्च.

मच्छर वाढलेत. महापालिकेने सोडलेले गप्पी मासेसुद्धा दिसत नाहीत. मलेरियावाले येऊन नोटीस लावून गेले. दर्शनावहिनींना ताप. मीनाक्षीने पेज केली, डब्यात भरली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, आधी टोप, मग पेज. ती पेज मी खाल्ली.

संकल्प : उद्या मीनाक्षीला सगळं सांगणार.

३ मार्च.

आज सोमवार. तिचा उपास. उपासात डोक्याला ताप नको.

१६ मार्च.

शामराव घरी आला. तो सहसा येत नाही. म्हणाला, मुलाला होय म्हटलंय, जूनमध्ये बदलापूरला जातोय. सकाळी उठून जाऊ कुठे, सांग. घरात बसून भिंत किती बघायची.

मी म्हटलं, अरे थांब, समितीचा अहवाल येतोय. तो हसला. म्हणाला, तुझो अहवाल येऊन म्हातारी येतली काय रे?

त्या क्षणी सांगणार होतो. देवाशपथ. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मीनाक्षी चहा घेऊन आली आणि शामरावला म्हणाली, भावजी, तुम्हाला मोठ्या टोपात चहा करायचे ना मी स्पर्धेच्या दिवशी, तो टोप शेजारणीने हडप केला. शामराव माझ्याकडे बघून म्हणाला, असं?

तोंड मिटलं.

६ एप्रिल.

जनरल बॉडी. स्पृहाने सांगितलं, उपाय एकच : मे महिन्यात पाणी कमी असताना पंपाने तळं रिकामं करायचं, सगळे कार्प काढायचे, जुनी मासळी दुसऱ्या ठिकाणाहून आणून परत सोडायची.

मी उठून कडाडून विरोध केला. पर्यावरण, पंपाचा आवाज, ज्येष्ठ नागरिक, तळाशी काय असेल कोणाला ठाऊक, सगळं मांडलं. ठराव बत्तीस विरुद्ध एक मंजूर. कामावर देखरेख : समितीचे अध्यक्ष.

रात्र-दिवस एकच विचार. गाळ किती खोल आहे? स्टील गंजत नाही, हा माणसाचा केवढा मूर्ख शोध.

१७ मे.

उद्या पंप. आजारी पडायचा प्रयत्न केला. नाही पडलो. थर्मामीटर गरम पाण्यात बुडवला, एकशे नऊ दाखवलं. मीनाक्षी म्हणाली, एवढ्या तापात माणूस मरतो, तुम्ही भाकरी मागताय.

१८ मे, रविवार.

सकाळी सहाला पंप सुरू. अकरापर्यंत गुडघाभर चिखल. अख्खी चाळ कठड्यावर. दर्शनावहिनी एका टोकाला, मीनाक्षी दुसऱ्या. कार्प तडफडतायत, लोक हाताने उचलून ड्रममध्ये टाकतायत. दोन मोठे निघाले. तीन-तीन किलोचे. मी ओळखले. त्यांनीही मला ओळखलं असावं.

मी टोप पडला तिथेच उभा राहिलो होतो, पाय घट्ट रोवून. कोणी हटवू शकलं नसतं. पण चिखलात माणूस रुततो हे विचारात घेतलं नव्हतं. कमरेपर्यंत गेलो. हलता येईना. चौघांनी काखेत हात घालून ओढून काढलं, एक चप्पल आतच राहिली, आणि त्या खड्ड्यातून शामरावने हात घालून काय काढलं असेल?

त्याने टोप पाण्यात विसळला. वाचलं. 'चि. सौ. कां. मीनाक्षी हिस, आईकडून.' मोठ्याने नाही वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

तेवढ्यात पलीकडे ओरडा झाला. कडेच्या दगडाखाली, ओल्या गाळात, म्हातारी! हाडं आणि कातडं उरलेली, पण कल्ले हलत होते. शामराव धावला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी चिखलात धावला. हातात होता तोच टोप. त्यात पाणी, पाण्यात म्हातारी, आणि शामराव टोप छातीशी धरून कठड्याच्या पायऱ्या चढला. सगळ्या चाळीसमोरून. नाव बाहेरच्या बाजूला. टाळ्या पडत होत्या. मग हळूहळू थांबल्या.

मीनाक्षीने नाव वाचलं. दर्शनावहिनींकडे गेली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली.

२५ मे.

समितीचा अहवाल सभेत वाचायचा होता. मी उभा राहिलो. म्हटलं, अज्ञात इसम. आणि पान उलटलं. शामराव मागून म्हणाला, अज्ञात राहू दे. मासो सोडणारो काय मुद्दाम सोडता? श्रावण लागलो असतलो.

लोक हसले. सगळे. बराच वेळ. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. बोर्डावर नाव लिहायचा विषय कोणी काढला नाही. मला चिटणीसपदी पुन्हा एकमताने निवडलं. मी नको म्हटलं. ऐकलं नाही.

कोणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

२२ जून, रविवार.

शामराव बदलापूरला गेला. तळ्यात नवं पाणी, स्पृहाने आणलेली चंदेरी मासळी सोडलीय, म्हातारीही परत सोडलीय. मी म्हटलं, आता तरी थांब. म्हणाला, मुलाने खोली रंगवली माझ्यासाठी, नातवाला सांगून ठेवलंय, आता नाय म्हणूक येत नाय. उशीर झालो रे.

त्याने टोप घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून मीनाक्षीला दिला. म्हणाला, वहिनी, घे, सापडलो. कुठे सापडला ते तिने विचारलं नाही.

मला म्हणाला, सकाळी जरा बसत जा तिथे. म्हातारीक एकटा वाटता. मी शब्द दिला. संकल्प : रोज सहाला, दगडावर. कायम.

२३ जून.

साडेआठला जाग आली. उद्यापासून.

२० जुलै २०२५, रविवार. गटारी.

शुक्रवारी श्रावण. दगडावर एकूण चार वेळा बसलो. आज पाचव्यांदा. म्हातारी वर आली नाही. तिचं बरोबर आहे. दगड अजून शामरावच्याच आकाराचा आहे, मला टोचतो. फोन केला तर म्हणाला, इथे एक नाला आहे, पण त्यात काय नाय.  मी म्हटलं, शामराव, ते मासे मी. तो म्हणाला, माका ऑगस्टातच ठाऊक होता, गंगाधरा. त्या दिवशी दुपारी अडीचाक पण मी थयच होतंय, दगडाआड. तू सांगशील म्हणून थांबलंय.

फोन ठेवला. घरी आलो. दर्शनावहिनी आमच्याकडे वडे तळायला आलेल्या, मोठा टोप ओट्यावर. मीनाक्षीने पिशवी हातात दिली आणि अकरा महिन्यांत माशांच्या विषयावर पहिल्यांदा बोलली.

म्हणाली, मासे आणा. मेलेले आणा.