ओवीतलं माझं नाव

सारंगदादा,

तुझा पहिला अल्बम इथं तिरुपूरच्या सूतगिरणीत मोबाईलवर ऐकला. त्यात माझ्या आईची ओवी निघाली. ओवीत बाई आपल्याच लेकाचं नाव घालती. भाकरी थापताना आई म्हणायची, "पूर्णामाय, हळू जाय, बन्सीला माझ्या पोहता येत न्हाय." तू तिथं 'सारंगला' केलंस. अरे, येलदरीच्या धरणात उड्या मारणारा तू!

आई आजारी असताना तूच ओवी मोबाईलमध्ये भरून घेतलीस. "काकूचा आवाज जपतो," म्हणलास. मी लय भरोसा केला.

इथं मला सगळे 'ए मराठी' म्हणतेत. आई गेल्यावर बन्सी म्हणणारी तेवढी ओवीच राहिली होती.

हे तुला धाडत न्हाई. याचंबी गाणं करशील.

पोहता न येणारा,
बन्सी