विहीणबाई, माझ्या नाण्यांना कड्या का लावल्या?

विहीणबाईंस,

नमस्कार मागाहून. आधी भांडण.

तुम्हाला जाऊन महिना नाही झाला आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. काय करू? जिवंतपणी तुम्ही मला एकदा तरी जिंकू दिलंत का? मला अक्षर येत नाही, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत. म्हणून मी बोलते आहे आणि सई लिहिते आहे. तुमच्या लेकीची लेक, माझ्या मुलाची मुलगी. मध्येच पेन थांबवते. म्हणते, "आजी, गेलेल्या माणसाला असं बोलतात का?" मी म्हटलं, बाय, समोर असत्या तर याहून वाईट बोलले असते. लिही तू.

काल तुमच्या मुलाने डोंबिवलीच्या बँकेतला लॉकर रिकामा केला आणि एक लाल डबी आमच्याकडे आणून दिली. "आई म्हणायची, हे सईचं," एवढंच बोलला बिचारा. मी झाकण उघडलं. माझी नाणी कुठे आहेत? आत पुतळ्यांची माळ! एकेका नाण्याच्या डोक्यावर डाख देऊन कडी जोडलेली आणि सगळी लाल रेशमात ओवलेली. खाली गोंडासुद्धा!

अहो, कोणाला विचारून?

सई पाळण्यात होती तेव्हापासून दर दसऱ्याला मी सोन्याचं एक नाणं घेत आले. कोळंबीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरले, त्यातलं ते. कोलशेतचं घर टॉवरसाठी पाडलं आणि आम्ही वर्तकनगरला भाड्याने गेलो, तेव्हा तांदळाच्या डब्यातली ती पुरचुंडी कुठे ठेवायची, हा प्रश्न आला. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "माझ्या लॉकरमध्ये ठेवा. माझी सही चालते तिथे." चालते म्हणे! तो टोमणा मी गिळला, नातीसाठी.

आणि माळ का नको होती, हे मी तुम्हाला तुमच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं. माझी ठुशी नणंदेच्या लग्नात गेली. बांगड्या दिराच्या धंद्यात गेल्या. चोरी नाही झाली हो, मागून नेलं सगळं. घरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दागिना घराचा असतो, नाणं मुलीचं असतं. लग्नात मिरवायला कोणी कोणाचं नाणं उसनं नेल्याचं ऐकलंय?

त्यावर तुम्ही काय म्हणालात? "सोनं म्हणजे झोपलेला पैसा. त्यापेक्षा मुलीला शिकवा." अहो मास्तरीणबाई, शिकवायलाच तर ठेवत होते!

आता सईला पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली आहे आणि फी महिनाअखेरीला भरायची आहे. सकाळी तिला घेऊन ठाण्याला सोनाराकडे गेले. त्याने भिंग लावलं, माळ उलटीपालटी केली. "आजी, याला डाख लागलाय. नाण्याचा भाव नाही मिळणार. वितळवावं लागेल, घट जाईल." घट कोणाच्या डोक्यावर घालू? तुमच्या?

परत येताना रिक्षात मी तुमच्या लेकीला फोन लावला. तेव्हा कळलं, हे कुठून सुरू झालं ते. आमच्या गावात ती हळद होती ना, बायका कमरेपर्यंत सोनं घालून बसलेल्या? माझ्या जावेने सईला विचारलं होतं, "काय गो, गला उघरा कनाला? मास्तरनीची नात ना तू!" गळा उघडा कशाला, हे तुमच्या काळजाला लागलं. पान तसंच सोडून उठलात. अहो, दोन मिनिटं थांबायचं होतं! तुमची पाठ वळली आणि भर मांडवात मी जावेची अशी काढली की ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. टोमणा ऐकलात आणि उत्तर न ऐकता निघून गेलात. शाळेतही असंच करायचात का?

म्हणजे आमच्या आगरी बायकांत पोरीची मान खाली जाऊ नये, म्हणून तुम्ही आगऱ्यांसारखी माळ केलीत. आणि तीही आगऱ्याच्या म्हातारीची नाणी घेऊन!

आणखी एक. मला अक्षर येत नसेल, पण माझी नाणी मी ओळखते. माझ्या सगळ्यांवर लक्ष्मी. मग माळेत ही गुलाबाच्या फुलाची नाणी कोणाची? सई म्हणते, "आजी, ती आईआजीचीच असणार." म्हणजे मला झोपलेल्या पैशाचं व्याख्यान द्यायचं आणि स्वतः गुपचूप सोनाराची पायरी चढायची? लबाड बाई! सांगितलं असतंत तर दोघी बरोबर गेलो असतो. भाव करायला तरी मी उपयोगी पडले असते.

लिहिताना सईने ती माळ गळ्यात घातली आहे. डोळे पुसते आणि म्हणते, "आजी, मोडायला नको ना. बाबा कर्ज काढतील." बघितलंत? एका दिवसात पोरगी माळेची झाली. नाणी असती तर मागे वळून न बघता मोडून आली असती.

मी तिला विचारलं, "पुण्याला जायचंय की नाही?"

"जायचंय."

"मग काढ गळ्यातून."

काढली. वेळ लागला, पण काढली.

तर आता ऐका, वचन देते. उद्या मी ते रेशीम माझ्या हाताने कापणार. लक्ष्मी जातील, तुमचे गुलाबही जातील, एकाच मुशीत वितळतील आणि कुठलं कोणाचं हे देवालाही कळणार नाही. फक्त एक गुलाब कडीसकट ठेवेन, काळ्या दोऱ्यात, सईच्या गळ्यात. माया म्हणून नाही, गैरसमज नको! पुण्यात कोणी विचारलं की तिने सांगावं, "माझी एक आजी फार शिकलेली होती, तिने केलेली ही चूक."

आणि पोरीला पहिला पगार मिळाला की तिला एक नाणं घ्यायला लावेन. बिनकडीचं. ते तुमच्या फोटोसमोर ठेवेन आणि भांडण तिथून पुढे चालू करेन.

नमस्कार.

तुमची विहीण,
कोलशेतची

(तुमची सही चालायची. इथे माझा अंगठा चालेल.)